वाचून दाखविलेले दप्तर



घरातल्या वडीलधाऱ्या माणसाविषयी सार्वजनिक व्यासपीठावरून बोलताना प्रेम आणि प्रामाणिकपणा यांपैकी एकाचा तोल जाण्याची भीती असते, याची जाणीव ठेवूनच मी आपले निमंत्रण स्वीकारले आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपले वाचनालय चालविते त्या आमच्या आजोबांच्या, ज्यांना घरात आणि गावातही तात्या म्हणत, चौऱ्याऐंशी वर्षांच्या आयुष्याचा पहिला भाग गावच्या कुळकर्णपणात गेला आणि दुसरा ते कुळकर्णपण कायद्याने संपल्यानंतर गेला. आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्याचे खरे वैभव या दुसऱ्या भागात आहे. परंतु दुसरा भाग समजायचा तर पहिला सांगितलाच पाहिजे.

कुळकर्णी हा गावगाड्यातला लेखक. पाटलाकडे अधिकार, कुळकर्ण्याकडे लेखणी, अशी ही जुनी वाटणी होती. जमिनीचा आकार, वसूलबाकी, पिकांची पाहणी, फेरफार, वारसनोंदी, जन्ममृत्यूची टिपणे, यांतले काहीही त्याच्या हातून गेल्याशिवाय कागदावर चढत नसे, आणि जे कागदावर चढले नाही ते मामलेदार कचेरीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसे. ज्या गावात शंभरातील नव्वद माणसांना अक्षरओळख नाही तेथे एवढी सत्ता एका घराच्या हातात, तीही वंशपरंपरेने असावी, याचा परिणाम काय झाला हे महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून सांगून ठेवले आहे. तात्यांनी ते पुस्तक वाचले होते. आमच्या ब्राह्मण समाजातील पुष्कळांनी त्या काळी ते हातात धरले नाही, किंवा धरले ते रागाने मिटून ठेवण्यासाठी. तात्या मात्र म्हणत की, यातला शब्द कठोर आहे, पण यातला कुळकर्णी मी माझ्या चुलत्यामध्ये पाहिलेला आहे. वसूल घेऊन पावती न देणारा, पावती देऊन आकडा कमी लिहिणारा, कर्जरोख्यावर काय लिहिले आहे ते न सांगता अंगठा उठवून घेणारा लेखक त्यांना काल्पनिक वाटत नव्हता, कारण अशा लेखकांच्या अक्षरांतले कागद त्यांच्याच माडीवरच्या रुमालांत बांधलेले होते.

तात्यांचा जन्म १८९६ सालचा, म्हणजे मुंबईत प्लेग आला त्या वर्षीचा. त्यांच्या वडिलांना १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने नेले आणि बाविसाव्या वर्षी येरळा नदीकाठच्या आमच्या लहानशा गावाचे दप्तर त्यांच्या मांडीवर आले. १९१८ हे साल आपल्याकडे नीट आठवले जात नाही, ते आठवले पाहिजे. त्या वर्षी पाऊस हुकला, साथीने घरेच्या घरे रिकामी झाली. त्याच वर्षी गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी गांधीजींच्या नेतृत्वाखाली आणेवारीच्या प्रश्नावर सत्याग्रह केला, आणि त्याच वर्षी शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी कुळकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले. खटाव तालुक्यातल्या एका तरुण कुळकर्ण्याच्या दृष्टीने या तिन्ही घटनांचा अर्थ एकच होता: आपल्या हातातला बोरू यापुढे कुणीतरी तपासणार आहे.

आणेवारी म्हणजे काय हे आजच्या श्रोत्यांसाठी थोडे सांगते. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक असे धरून चालू साली पीक किती आणे आले याचा अंदाज करावयाचा. तो चार आण्यांच्या आत आला तर त्या सालचा सारा तहकूब व्हावा, सहा आण्यांपर्यंत आला तर निम्मा, असा नियम असे. म्हणजे पाच आणे लिहिले की साडेतीन लिहिले यावर खटावसारख्या कोरड्या तालुक्यात शेतकऱ्याची बैलजोडी दावणीला राहणार की म्हसवडच्या बाजारात जाणार हे ठरत असे. तात्या पाहणीला निघत तेव्हा शेताच्या मालकाला सोबत घेत, बांधावर उभे राहून खरड्यात लिहीत आणि लिहिलेले त्याला तेथेच मोठ्याने वाचून दाखवीत. चुकले असे त्याला वाटले तर तो तेथल्या तेथे भांडू शके, आणि पुष्कळ जण भांडत. सर्कलसाहेबांना ही पद्धत वेळखाऊ वाटे. तात्यांनी ती बत्तीस वर्षे सोडली नाही.

हे वाचून दाखविणे मी प्रत्यक्ष पाहिले आहे, वतन गेल्यानंतरच्या काळात का होईना. ओसरीवर घोंगडी असे. समोर रुमाल सोडलेला. तात्या बोरूला नव्याने तिरपा छेद देत, कागदावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढत आणि मग त्या रेघेखाली मोडीची अक्षरे हात न उचलता एकापाठोपाठ एक गुंफीत जात. ओळ संपली की चिमूटभर बारीक वाळू तिच्यावर टाकून कागद किंचित वाकवीत आणि जादा वाळू परत डबीत ओतीत. एवढे झाल्यावर ज्याचा कागद असेल त्याच्याकडे तोंड करून ते पहिल्या अक्षरापासून वाचू लागत. वाचन संपले की “आता तू सांग” म्हणत. त्या माणसाने आपल्या शब्दांत त्या मजकुराचा आशय सांगावयाचा. तो बरोबर सांगितला तरच शाईची गादी पुढे सरके आणि ‘निशाणी डावे हाताचा अंगठा’ हे शब्द लिहिले जात. कधी कधी आशय सांगता सांगता तो माणूस थबके, कारण आपण काय लिहून देत आहोत हे त्याला त्या क्षणी प्रथमच कळलेले असे. मग तो कागद फाडला जाई. असे फाडलेले कागद, माझ्या समजुतीप्रमाणे, हीच तात्यांची खरी सनद होती.

१९४८ च्या जानेवारीअखेर गांधीजींचा खून झाला आणि त्यानंतर सातारा जिल्ह्यात ब्राह्मणांची घरे जळाली. आमचेही जळाले. त्या प्रसंगाविषयी मला कडवटपणे बोलावयाचे नाही, आणि तात्याही कधी बोलले नाहीत. परंतु एक गोष्ट नोंदविली पाहिजे. बाहेरगावाहून जमाव येत आहे अशी वर्दी लागताच गावातली काही माणसे आमच्या वाड्यात आली. त्यांनी आजीला आणि मुलांना मळ्यातल्या वस्तीवर पोहोचविले आणि नंतर माडीवर चढून दप्तराचे रुमाल खाली उतरविले, ते डोक्यावर घेऊन मारुतीच्या देवळात नेऊन ठेवले. भांडीकुंडी, धान्य, आजीचे लुगड्यांचे पेटारे तसेच राहिले. पुढे आजीने त्यांच्यापैकी एकाला, थोड्या दुःखानेच, विचारले की बाबांनो, कागदांऐवजी चार भांडी काढली असतीत तर? तो म्हणाला, “वयनी, भांडी तुमची व्हती. आमच्या जिमिनी त्या कागदांत हायेत.” या उत्तरात कुणाला रुक्षपणा वाटेल. मला त्यात तात्यांच्या तीस वर्षांचे फळ दिसते. कागदात आपली जमीन आहे, कोणत्या रुमालात आहे, तिचा आकार किती आहे, हे त्या माणसाला ठाऊक होते. कारण त्याने ते वर्षानुवर्षे कानांनी ऐकले होते. जेथे दप्तर हे केवळ कुळकर्ण्याचे गुपित होते अशा काही गावांत, असे मी ऐकले आहे, घराआधी दप्तरच आगीत गेले.

त्यानंतर आमचे पुष्कळ नातलग पुण्यास गेले. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत संसार मांडून त्यांनी नोकऱ्या धरल्या, मुलांना शिकविले, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. तात्या राहिले. जळक्या वाड्याच्या मागच्या सोप्यावर पत्रे घालून ते राहू लागले आणि त्याच हंगामाची पीकपाहणी त्यांनी वेळेवर पुरी केली. का राहिलात, असे मी मोठेपणी विचारले तेव्हा ते म्हणाले, “दप्तर इथे होते.” मला वाटते हे उत्तर त्यांनी अगदी सरळ दिलेले होते.

मुंबई सरकारने १९५० साली परगणे व कुळकर्णी वतने नष्ट करणारा कायदा केला. तलाठी आला, नमुन्याचे छापील कागद आले, मोडी जाऊन बालबोध आली. वतनदार घरांतून त्या दिवसांत जो विलाप चालला होता तो मी लहानपणी पाहुण्यांच्या तोंडून ऐकला आहे. तात्यांनी तालुक्याला जाऊन यादीबरहुकूम दप्तर हवाली केले, पोच घेतली, आणि परत येऊन नव्या तलाठ्याला, जो वयाने त्यांच्या मुलासारखा होता, शिवारातल्या हद्दी दाखविण्यासाठी आठ दिवस उन्हातून हिंडविले. त्यांचे वय त्या वेळी चोपन्न-पंचावन्न. कुणीही असे म्हटले असते की, आता माणसाने रामरक्षा म्हणावी आणि नातवंडे खेळवावीत. नातवंडे त्यांनी खेळविली. मला पाढे, अपूर्णांकांसह, त्यांच्याच मांडीवर पाठ झाले. पण खरे काम पुढेच होते.

ते काम १९५७ साली दारात आले. कूळकायद्यात १९५६ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जे कूळ जमीन कसत होते ते त्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. किंमत आकाराच्या वीसपट ते दोनशेपट या दरम्यान न्यायाधिकरणाने ठरवावयाची, आणि कुळाने ती वार्षिक हप्त्यांनी, जास्तीत जास्त बारा, फेडावयाची, अशी योजना होती. आमची बरीचशी जमीन कुळांकडे होती. खाजगी वहिवाटीसाठी ती परत मागण्याचा मार्ग मुदतीपूर्वी मालकांना मोकळा होता, पुष्कळांनी तो धरला. आणि त्याहून पुष्कळांनी कुळांना दटावून, गोड बोलून, देवाची आण घालून राजीनामे लिहून घेतले. ज्यांनी यांतले काहीच केले नाही अशा सज्जन मालकांच्याही हातात एक शेवटची गोष्ट उरत होती, ती म्हणजे गप्प बसणे. कारण कायद्यात असे कलम होते की, न्यायाधिकरणाची नोटीस आल्यावर कूळ जर नेमल्या तारखेस हजर राहिले नाही, किंवा हजर राहून घेण्यास तयार आहे असे म्हणाले नाही, तर ती खरेदी निष्फळ ठरावी. जे कूळ तीन पिढ्या मालकाच्या ओसरीखाली उभे राहिले त्याने साहेबासमोर, मालकाच्या देखत, ‘ही जमीन मी घेतो’ असे म्हणावयाचे होते. कायदा करणाऱ्यांनी जिभेवरच्या या ओझ्याचे वजन केले नव्हते.

तात्यांना ते ठाऊक होते. वडूजच्या न्यायाधिकरणाकडून नोटिसा आल्या तशा त्यांनी आपल्याच कुळांना एकेक करून बोलाविले आणि नोटीस वाचून दाखविली. एक वृद्ध कूळ, ज्याच्या हातावर आमचे वडील खेळले होते, ऐकून घेऊन म्हणाला, “तात्या, तुमच्यासमोर असं बोलायला जीभ कशी रेटंल? मी जात न्हाई वडूजला.”

तात्या म्हणाले, “तू गेला नाहीस तर जमीन फिरून माझ्याकडे येईल.”

“मंग येऊ द्या की. आजवर काय वंगाळ झालं?”

तेव्हा तात्यांनी खंडाची जुनी वही मागवली आणि त्या म्हाताऱ्याला त्याच्या आजापासूनचा हिशेब वाचून दाखविला: कोणत्या साली किती पायली ज्वारी आमच्या घरी आली, कोणत्या साली पीक बुडूनही किती आली, आणि त्या बदल्यात आमच्या घराने त्या वावरात काय केले. या शेवटच्या रकान्यात वाचण्यासारखे काही नव्हते. “आता तू सांग,” तात्या नेहमीप्रमाणे म्हणाले. म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “तारीख कवाची हाय?”

ठरलेल्या दिवशी तात्या त्याला घेऊन वडूजला गेले. मालक आणि कूळ एकाच बैलगाडीतून न्यायाधिकरणापुढे आलेले पाहून तेथल्या कारकुनाला तडजोडीचा, म्हणजे दडपणाचा, संशय आला, आणि तो संशय त्या काळी रास्तच होता. पुकारा झाला. म्हाताऱ्याने तात्यांकडे पाहिले, तात्या मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, आणि तो ‘घेतो’ म्हणाला.

यातला त्याग गोड करून सांगणे मला जमणार नाही. खंड बंद झाला, हप्ते अनियमित येत, थोरल्या काकांचे इंजिनिअरिंगचे शिक्षण राहिले ते राहिलेच, आणि आजीने “पोराबाळांचा विचार केलात का?” असे जे विचारले त्याला तात्यांकडे पूर्ण उत्तर नव्हते. आजीची बाजू मला आजही लहान वाटत नाही. तात्यांनी स्वतःकडे उरलेले मुरमाड रान साठीत स्वतः कसावयास घेतले. नांगर धरावयास त्यांना त्याच म्हाताऱ्याने शिकविले, आणि पहिल्या वर्षीची बाजरी, आजीच्या सांगण्याप्रमाणे, जेमतेम बियाण्याइतकी झाली. पुढे बरी होऊ लागली.

ह्याच वर्षांत चावडीत रात्रीचा वर्ग सुरू झाला. साताऱ्याच्या मातीत कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ पासून जे पेरले होते त्याने मुलांच्या शाळेचा प्रश्न हळूहळू सुटत होता. तात्यांनी मोठ्यांना हाताशी घेतले. त्यांच्या वर्गाला अंकलिपी नव्हती. प्रत्येकाने आपल्या जमिनीचा सातबाराचा उतारा आणावा आणि त्यावरच अक्षरे शिकावीत, असा त्यांचा परिपाठ होता. स्वतःचे नाव, बापाचे नाव, गट, एकर, गुंठे, आकार, पीक, एवढे वाचता आले की वर्षाचा अभ्यास झाला. आपण रोज तुडवितो ते तेहतीस फूट लांब आणि तेवढेच रुंद रान म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस म्हणजे एकर, हे ते चावडीपुढच्या पटांगणात दोरी लावून दाखवीत.

त्या वर्गात एक विधवा बाई येत असत. गावातल्या बायकांपैकी पहिल्या त्याच. त्या एका रात्री कंदिलाजवळ उतारा धरून एकेक अक्षर लावीत होत्या. दिरांची नावे त्यांना लागली. स्वतःचे नाव लागेना. तात्यांनी बोट ठेवून खालचा ‘इतर हक्क’ हा रकाना दाखविला. त्यात होते. बाईंनी ते वाचले, पुन्हा वाचले, आणि विचारले, “माझं नाव हितं खाली का, तात्या? मालकांच्या जागी का न्हाई?” ती नोंद फार वर्षांपूर्वीची होती, त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे केलेली होती, आणि तात्यांच्याच अक्षरातून पुढे उतरत आली होती. बायकांचे नाव इतर हक्कांत ढकलण्याची वहिवाट तेव्हा सर्वत्र होती आणि अजूनही तुरळक आहे. तात्या रात्रभर जागे होते असे आजी सांगे. सकाळी त्यांनी अर्ज लिहिला. त्यात पहिलेच वाक्य असे घातले की, सदरहू नोंद मी स्वतः केलेली असून १९५६ च्या उत्तराधिकार कायद्यानंतर ती तशीच ठेवणे न्याय्य नाही. दिरांनी तक्रार घेतली, चौकशी लांबली, काही घरांशी आमचे येणेजाणे तुटले. फेरफार मंजूर झाला तेव्हा त्या बाई तलाठ्याच्या कचेरीत एकट्या गेल्या आणि नोंद स्वतः वाचून सही करून आल्या. तात्यांना बोलवावयास त्या आल्या नाहीत. याचा तात्यांना इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यांनी आजीकडून पुरणपोळी करवून घेतली.

त्यांच्या साऱ्या उद्योगाचे मर्म मला येथे सापडते. ज्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांच्या निरक्षरतेवर मान आणि धान्य मिळविले, त्या घराण्याची गावाला गरज उरू नये, अशा रीतीने त्यांनी आपल्या हयातीत काम केले. पुष्कळ मोठी माणसे आपल्यावाचून चालू नये अशी व्यवस्था करून जातात. तात्यांनी उलट दिशेने श्रम घेतले आणि त्या श्रमातच ते तरुण राहिले.

१९६७ च्या डिसेंबरातला कोयनेचा भूकंप, मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनिऑर्डरी, पुसेगावच्या यात्रेतला बैलबाजार, या सगळ्यांत त्यांच्या कथा आहेत. वेळेअभावी त्या सोडते. १९७२ च्या दुष्काळाचे मात्र सांगितले पाहिजे. पंच्याहत्तरी उलटलेले तात्या तेव्हा पाझर तलावाच्या आणि खडी फोडण्याच्या कामांवर रोज जात. मजुरी कामाच्या मापावर मिळे, आणि बायकांनी दिवसभर फोडलेल्या खडीचा ढीग किती ब्रास भरला हे मुकादम सांगेल ते खरे, अशी स्थिती होती. तात्यांनी झाडाखाली बसून त्या बायकांना लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार शिकविला; शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. सुकडी वाटण्याच्या वेळी त्या एकमेकींचे ढीग वीतभर काठीने मोजून पाहत असत. पगाराच्या दिवशी हजेरीपट मोठ्याने वाचला जावा असा आग्रह मग त्या बायकांनीच धरला, आणि तो वाचला जाऊ लागला. त्या दिवशी तात्या तेथे नव्हतेही. दम्याने घरी पडून होते.

शेवटची काही वर्षे त्यांनी एकच काम धरले होते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून कागद धुंडीत हिंडले त्यांच्याविषयी तात्यांना विलक्षण आदर होता. परंतु ते म्हणत की राजवाड्यांनी राज्याचे कागद वाचले, गावाचे कुणी वाचावेत? आमच्या घरी सरकारजमा न होणारे, खाजगी असे काही जुने रुमाल उरले होते: विहिरींच्या पाळ्यांचे करार, सामाईक बांधांचे निवाडे, जुनी गहाणखते, एका दुष्काळात गावाने मिळून घेतलेल्या धान्याची वाटणी. हे मोडीतले कागद ते बालबोधीत उतरवीत आणि ज्या घराचा कागद असेल त्या घरी स्वतः जाऊन वाचून दाखवीत. कधी त्यातून जुनी भांडणे मिटत, कधी नवी उभी राहत. १९८० च्या उन्हाळ्यात ते गेले तेव्हा निम्म्याहून अधिक रुमाल उतरवून झाले होते.

उरलेले रुमाल गेल्या महिन्यात मी या वाचनालयाच्या स्वाधीन केले आहेत. कागद जीर्ण आहेत, काहींना कसर लागली आहे, आणि मला स्वतःला मोडी अडखळतच वाचता येते. येरळाकाठच्या ज्या घरांची नावे त्यांत आहेत त्यांची मुले आज पुण्यामुंबईत, काही परदेशातही आहेत, आणि त्यांना आपल्या विहिरीचा करार अद्याप कुणी वाचून दाखविलेला नाही. आपल्यापैकी ज्यांना मोडी येते, किंवा शिकावयाची तयारी आहे, त्यांनी सभा संपल्यावर ग्रंथपालांकडे नाव द्यावे. पहिला रुमाल रविवारी सकाळी सोडावयाचा आहे.